उंबऱ्यावरचा डबा

१८ जून १९९५
टेनामेंट नं. १७, यमुनाकुंज सोसायटी,
वाघोडिया रोड, बडोदे

ईशू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकू नकोस. आधी वाच, मग फाड. एकाच गावात राहून बाप लेकीला तिकीट लावून पत्र पाठवतो, हे पोस्टमनलासुद्धा चमत्कारिक वाटेल. वाटू दे. कारेलीबागेतला तुझा पत्ता पिलाजीकाकाकडून घेतला. त्याला बोल लावू नकोस, मी फारच मागे लागलो होतो.

कळवायचं एवढंच की नागरवाड्यातलं घर सोडलं. भाड्याचंच होतं, मालकाला तिथे शॉपिंग सेंटर काढायचंय. हल्ली बडोद्यात जो तो शॉपिंग सेंटर काढत सुटलाय. हे नवं घर बैठं आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि हातभर जागेत कढीपत्त्याचं रोप. हवा चांगली आहे म्हणून घेतलं. जिना नाही, तेही बरंच.

सोसायटीत चाळीस घरं आहेत. एकोणचाळीस गुजराती आणि एक मी. हस, हस. 'गुजरात्याच्या घरात माझी मुलगी जाणार नाही' म्हणून ज्याने सगळी आळी डोक्यावर घेतली, तो जयसिंगराव शिर्के आता चारी बाजूंनी गुजराती शेजार घेऊन बसलाय. तुझी आई असती तर पदर तोंडाला लावून पोटभर हसली असती. तिला जाऊन आता सात महिने झाले.

घर दाखवताना सेक्रेटरीने विचारलं, "काका, नॉनवेज तो नथी खाता ने?" मी म्हटलं, "छे छे!" बासष्टाव्या वर्षी, डोळे उघडे ठेवून, धडधडीत खोटं बोललो. आता रविवारी पिलाजीकडे जाऊन मटण खातो आणि परतताना चार वेलदोडे चघळत फाटकातून आत शिरतो. शाळकरी पोराने विडी ओढून घरी यावं तसा माझा चेहरा होत असणार.

सकाळी काळी टोपी घालून दूध आणायला निघालो की मुलं खेळ थांबवून बघतात. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या बायका बोलायच्या थांबतात. वाईट कोणी वागत नाही हं, अजिबात नाही. "जय श्रीकृष्ण" म्हणतात, मी "राम राम" म्हणतो, आणि तिथेच बोलणं संपतं. काल दळणाच्या गिरणीत एकीने दुसरीला विचारलं, "कोण छे?" दुसरी म्हणाली, "पेला मराठी काका." म्हणजे ते मराठी काका. मी समोर उभा, आणि माझं नाव कोणालाच ठाऊक नाही.

निमेषच्या घरी गेलीस तेव्हा पहिले काही महिने तुझंही असंच झालं असेल का गं? मी कधी विचारलं नाही. विचारायची सोयच ठेवली नव्हती म्हणा.

उत्तराची घाई नाही.

आबा

ता. क. तुझा स्टीलचा डबा सामानात इकडे आलाय. कसा पोचता करू ते कळव.


३ सप्टेंबर १९९५

ईशानी,

अडीच महिन्यांत दोन ओळी लिहवल्या नाहीत तुला. ठीक आहे.

गणपती बसवला. दीड दिवसाचा, एवढासा. आरती म्हणायला मी एकटा. खिडकी लावून घेतली होती, तरी आवाज बाहेर गेला. पंधरा नंबरचे इंदुभाई दारात येऊन उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, त्याही सगळ्या भलत्याच ठिकाणी. हे गृहस्थ बँकेतून रिटायर झालेत, माझ्याच वयाचे. सकाळी कॅनॉलपर्यंत फिरायला जातात, हल्ली मलाही हाक मारतात. विसर्जनाला आपल्या स्कूटरवर सूरसागर तलावावर घेऊन गेले. मूर्ती माझ्या मांडीवर आणि इंदुभाई प्रत्येक खड्ड्याला "संभाळजो हं, संभाळजो!" तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. प्रसादाला ठेवायला तुझा डबा काढला. नऊ महिने तो वरच्या फळीवरच होता, आधी तिथे, मग इथे. घासताना तळाशी बोटाला अक्षरं लागली. चष्मा लावून वाचलं. 'चि. सौ. ईशानीस, आईकडून. ५-५-९२.' लहरीपुऱ्यातल्या भांड्यांच्या दुकानात कोरून घेतलेलं दिसतंय.

ब्याण्णव! तू गेलीस एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत. त्या दिवशी मी सांगितलं होतं की या घरातलं माणूस त्या घराची पायरी चढणार नाही. तुझी आई 'बरं' म्हणाली होती. चांगलं आठवतंय मला.

म्हणजे दर गुरुवारी कारेलीबागेत भजन होतं, ते भजन तुझ्याकडे होतं तर. आणि गेल्या वर्षी जुलैत 'देवासला भावाकडे जाते' म्हणून दहा दिवस गेली, तेव्हा ती तुझ्या बाळंतपणाला होती. मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो होतो, ईशानी. गाडीत बसवून, पाण्याची बाटली भरून दिली होती. पुढच्या स्टेशनवर उतरून परतली असेल. साठीला आलेली बाई!

पिलाजीला विचारलं तर त्याने मान खाली घालून बाळंतपणाचंही कबूल केलं. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, स्नेहलतावहिनींना ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, एक मी सोडून. फसवलंत मला दोघींनी. माझ्या घरात, माझ्या ताटात वाढून फसवलंत.

डबा न्यायचा असेल तर माणूस पाठव. मी आणून देणार नाही.

जयसिंगराव


११ सप्टेंबर १९९५

ईशू,

आधीचं पत्र फाडून टाक. रागात लिहिलं.

चार दिवस विचार करत होतो की कमला मला घाबरत होती का. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, मोठेपणाने सांगत असे मी सगळ्यांना. पण स्वतःच्या लेकीला भेटायला तिला देवासचं तिकीट काढावं लागलं. मग घाबरतच असणार. दुसरं काय?

एक विचारू? त्या दहा दिवसांत ती माझ्याबद्दल काही बोलली का? बोलली असेल ते वाईट असलं तरी चालेल.

नात आहे आणि तिचं नाव देवश्री आहे, हे पिलाजीकडून कळलं. छान नाव आहे.

आबा


२० डिसेंबर १९९५

ईशू,

इंदुभाई गेले. परवा सकाळी. नेहमीसारखी साडेसहाला हाक आली नाही म्हणून मीच पंधरा नंबरला गेलो, तर आत रडारड. झोपेतच गेले. आदल्या दिवशी कॅनॉलवर बसून म्हणाले होते, "जयसिंगभाई, उत्तरायणला माझ्या गच्चीवर यायचं, पतंगाची फिरकी तुमच्या हातात." असं त्यांच्या मोडक्या मराठीत. माझ्याशी बोलायला म्हणून ते मराठी शिकत होते. मला हे आज लिहितानासुद्धा सहन होत नाही.

आता घडलं ते सांगतो. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

खांदा दिला. स्मशानातून आलो, अंघोळ केली. संध्याकाळी मनात आलं की त्यांच्याकडे आज चूल पेटणार नाही, तरुबेन सकाळपासून उपाशी असतील. तरुबेन म्हणजे त्यांच्या पत्नी. आपल्याकडे अशा घरी शेजाऱ्याने पिठलं-भात न्यायचा असतो. सोसायटीत या रिवाजाचा मराठी माणूस मी एकटाच, म्हणजे मलाच करायला हवं. मी तर खानावळीचा डबा खाणारा. आयुष्यात चहापलीकडे गेलो नाही. नाक्यावरच्या पीसीओवरून स्नेहलतावहिनींना फोन लावला आणि त्या सांगतील तसं कागदावर लिहून घेतलं. पहिल्या खेपेला बेसनाच्या गुठळ्या झाल्या, ते टाकलं. दुसऱ्या खेपेला जमलं. वहिनींनी सांगितल्याप्रमाणे कांदा घातला, लसूण भरपूर ठेचून घातला. चव घेऊन पाहिली. चांगलं झालं होतं, ईशू.

दोन पातेली फडक्यात बांधून निघालो. ओट्यावर चपलांची रास, आत पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, पंचवीस-तीस माणसं गप्प बसलेली. मी दारात उभा राहिलो आणि फडकं सोडलं. वास सगळ्या खोलीत गेला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. इंदुभाईंचा मुलगा हेमंत उठून आला. बिचारा रडून रडून सुजलेला. हात जोडून हळूच म्हणाला, "काका, अमारे त्यां कांदा-लसण नथी चालतां. खोटुं ना लगाडता." वाईट वाटून घेऊ नका, म्हणाला.

सहा महिने शेजारी राहून मला एवढं ठाऊक नव्हतं. वैष्णवांचं घर, बाहेरचं शिजवलेलंही घेत नाहीत, आणि मी वर लसूण घेऊन गेलो. त्यात माझीच चूक, त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. मुलगा तर नम्रपणेच बोलला. मी 'हो, हो' म्हटलं, फडकं पुन्हा बांधलं आणि ती पातेली घेऊन परत निघालो. पंधरा नंबर ते सतरा नंबर, मधे एक घर.  हातात गरम पातेलं आणि ते घेणारं कोणी नाही. लोक बघतायत. कुठे ठेवू, कोणाला देऊ, कळत नाही.

घरी येऊन ओट्यावर बसलो आणि मला तू दिसलीस.

तुझ्या आईच्या दिवशी तुला मी कळवू दिलं नव्हतं. कोणाकडून तरी कळून तू संध्याकाळी आलीस, तोवर सगळं उरकलं होतं. तुला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर तू उभी होतीस, हातात तो डबा. तू म्हणालीस, "आबा, दोन घास खाऊन घ्या." रडली नाहीस, भांडली नाहीस, फक्त एवढंच म्हणालीस. आणि मी काय म्हटलं ते तुला आठवत असेलच. मीच लिहितो, म्हणजे पुन्हा नाकारता येणार नाही. मी म्हटलं, "परक्या घरचं अन्न इथे चालत नाही." आणि दार लावलं.

हेमंतने निदान हात जोडले होते.

दाराआड मी उभा होतो. तू बराच वेळ गेली नाहीस. बांगड्यांचा आवाज येत होता. मग डबा उंबऱ्यावर ठेवल्याचा आवाज आला. ते अन्न पिलाजीने गाईला घातलं आणि डबा विसळून फळीवर ठेवला.

मी दोन दिवस ते पिठलं-भातच खाल्लं. दुसऱ्या दिवशी आंबूस लागत होतं तरी खाल्लं. खाताना एकच मनात येत होतं. आई तुझीही गेली होती. मला द्यायला तू डबा घेऊन आलीस, पण तुला त्या दिवशी कोणी दोन घास दिले का गं? जिना उतरून तू घरी गेलीस तेव्हा कोणी विचारलं का, की तू जेवलीस का?

मला माफ कर असं लिहायला बसलो होतो. लिहवत नाही. एवढ्याशा शब्दात ते कसं मावणार?

आबा


११ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. ईशानीस,

पत्रं परत येत नाहीत, म्हणजे पोचतात. सध्या तेवढ्यावर मी आहे.

पहिल्या पत्रात तुला खोटं लिहिलं होतं. हे घर मी हवेसाठी नाही घेतलं. डॉक्टरने जिना चढायचा नाही म्हणून सांगितलं होतं. हृदयाची एक झडप निकामी होत चाललीय. या वयात कापाकापी नको असं मीच ठरवलं. घाबरवायला लिहीत नाही, आणि तुला दया यावी म्हणूनही नाही. पुढचं कळावं म्हणून लिहिलं.

दुसरंही एक सांगून टाकतो. दिवाळीत एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा, असा दोन वेळा मी तुझ्या बिल्डिंगखाली येऊन गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पिवळं झबलं-टोपडं वाळत होतं. तीन जिने माझ्या छातीला झेपत नाहीत, हे खरं. पण मी पहिल्या पायरीवरूनच परत फिरलो, हेही खरं. समोरच्या पानाच्या टपरीवर सोडा प्यायलो आणि बस पकडली.

तरुबेन आता ओट्यावर बसायला लागल्यात. पांढरं लुगडं, हातात माळ. मी तोंड चुकवून जात असे. गेल्या आठवड्यात त्यांनीच थांबवलं. "जयसिंगभाई, पेले दहाडे तपेलीमां शुं लाव्या हता?" त्या दिवशी पातेल्यात काय आणलं होतं, ते त्यांना हवं होतं. मी सांगितलं. आमच्यात अशा घरी पिठलं-भात देतात, मला तुमचं ठाऊक नव्हतं, चुकलं माझं.  त्या म्हणाल्या, तुम्ही स्वतः रांधलंत? मी म्हटलं, हो, दोनदा. तर त्या बाई एकदम रडायला लागल्या. "मने कोईए कह्युं ज नहीं. रांधेलुं तो ना लेवात, पण तपेली तो राखी लेत ने, भाई." मला कोणी सांगितलंच नाही; खाल्लं नसतं, पण पातेली तरी ठेवून घेतली असती. माणसाला दारातून तसंच नसतं पाठवलं.

मी तिथेच त्यांच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. तुझं लग्न, देवासचं तिकीट, डबा, दार. जन्मात पहिल्यांदा कोणापुढे बोललो, तेही अर्ध्या गुजरातीत. मटणाचंही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, ते आम्हाला पहिल्या रविवारपासून ठाऊक आहे, एवढे वेलदोडे कोण खातं? इंदुभाईंनी कोणाला बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं.

मग माळ ओढता ओढता त्यांनी मला विचारलं, "अने तमे जशो त्यारे दीकरीने कोण जमाडशे?" म्हणजे तुम्ही गेल्यावर मुलीला कोण जेवायला घालणार? हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या दिवशी पिठलं-भात आणायचा तर कोणाकडे? या घरात रडायला कोणी नसेल. रडायचं झालं तर तू कारेलीबागेत रडशील, आणि तिथे आपल्या रिवाजाचं कोणी नाही.

त्यावर त्या म्हणाल्या, "हुं जईश." मी जाईन. त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की मला वर बघवेना.

तर तुझा डबा मी कालच घासून, पुसून तरुबेनच्या स्वाधीन केलाय. तुझा पत्ता गुजरातीत लिहून झाकणाच्या आत ठेवलाय. एक दिवस पांढऱ्या लुगड्यातली एक ठेंगणी बाई तुझ्या दारात येईल. तिचे गुडघे दुखतात, तीन जिने चढून दमलेली असेल, तिला आधी पाणी दे. डब्यात खिचडी असेल, बिनलसणाची, आणि हे लोक चिमूटभर साखर घालतात तशी गोडसर. ती म्हणेल, "बेटा, बे कोळिया खाई ले." दोन घास खाऊन घे. तेव्हा समज की मी गेलो. काही विचारू नकोस, रागही धरू नकोस तिच्यावर. फक्त दार लावू नकोस, ईशू. एवढं माझं ऐक.

आणि त्याआधी तुला डबा हवा असेल तर इथे ये. देवश्रीला आण, निमेषरावांना आण, नाहीतर एकटी ये. सतरा नंबर, कोणालाही मराठी काका कुठे राहतात विचार, बोट दाखवतील. चहा मला चांगला येतो. तरुबेनना सांगून ठेवलंय की मुलगी स्वतः मागायला आली तर लगेच काढून द्या. आलेलं भांडं रिकामं परत करू नये, ही शिस्त तुझ्या आईने मला बत्तीस वर्षं लावली. पण हा एक डबा तुला माझ्या हाताने रिकामाच परत करायला मिळावा, एवढंच आता मला हवंय.

तुझा आबा